हवेली कोणाच्या नावावर?

फाळणी शिकवताना मुलांच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते ते आगगाड्यांचे असते. टपावर बसलेली माणसे, डोक्यावर बोचकी, बैलगाड्यांची न संपणारी रांग. हे चित्र खोटे नाही, पण ते प्रामुख्याने पंजाबचे आहे. जे गेलेच नाहीत, आपल्याच गल्लीत राहिले, त्यांची फाळणी कशी झाली हे सांगायला पाठ्यपुस्तकात जागा नसते. म्हणून एके वर्षी आम्ही आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत दहावीच्या मुलांना ‘गर्म हवा’ दाखवला. मुले कंटाळतील अशी धास्ती होती, कारण चित्रपटात ना मारामारी, ना नाच. मुले गप्प बसून पाहत राहिली. दिवे लागल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, वो तो गया नहीं था. फिर घर क्यों गया?”

आम्हाला पटकन उत्तर देता आले नाही. बी.एड.ला पाठाचे टाचण कसे काढावे हे शिकवतात, कस्टोडियन कोण होता हे शिकवत नाहीत. मुलाला दुसऱ्या दिवसाचा वायदा केला आणि घरी येऊन कायदे चाळू लागलो. तो प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही, म्हणून हा लेख.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एम. एस. सथ्यू यांनी दिग्दर्शित केलेला ‘गर्म हवा’ १९७३ साली तयार झाला. मूळ कथा इस्मत चुगताई यांची, तीही अप्रकाशित. पटकथा कैफी आझमी आणि शमा जैदी यांची. पैसा फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचा, तोही अडीच लाख रुपये. बाकीचे इकडून तिकडून जमवलेले. ध्वनिमुद्रणाची सामग्री नसल्याने चित्रीकरण मूक झाले आणि आवाज नंतर मुंबईत भरले गेले. तणाव वाढेल या भीतीने सेन्सॉरने तो कित्येक महिने अडकवून ठेवला. पुढे मात्र त्याच चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला! आपल्याकडे असेच चालते.

गोष्ट आग्र्याची, गांधीजींच्या हत्येनंतरच्या दिवसांतली. सलीम मिर्झा हे जोड्यांचे कारखानदार. वय उतरणीला लागलेले, शेरवानी-टोपी, हातात काठी, बोलणे हळू. घरात म्हातारी आई, पत्नी जमीला, दोन मुलगे बाकर आणि सिकंदर, मुलगी अमीना. त्याच हवेलीत थोरले भाऊ हलीम मिर्झा आणि त्यांचे कुटुंब. पहिल्याच प्रसंगात सलीम मिर्झा स्टेशनवर बहिणीला निरोप देऊन परततात आणि टांगेवाला विचारतो, आज कोणाला पोहोचवून आलात? पुढे हाच फलाट पुन्हा पुन्हा येतो. बहीण जाते, भाऊ जातो, मेहुणा जातो, शेवटी पोटचा मोठा मुलगा जातो. दर वेळी सलीम मिर्झा हात हलवतात आणि दर वेळी टांग्यातून एकटे परततात. कोणी जाण्याचे कारण विचारले की त्यांचे उत्तर एकच, अल्लाह सर्व ठीक करील. गांधीजींचे बलिदान वाया जाणार नाही, असेही ते मनापासून म्हणतात.

थोरले हलीम मिर्झा हे राजकारणातले. हिंदुस्थानातला शेवटचा मुसलमान निघून गेला तरी मी जाणार नाही, अशा आशयाची भाषणे करणारे. तेच एके दिवशी गुपचूप निघून जातात. बोलणारा गेला आणि न बोलणारा राहिला. परंतु हवेली होती बोलणाऱ्याच्या नावावर. येथे आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला सुरुवात होते.

फाळणीनंतर निघून गेलेल्यांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहण्यासाठी सरकारने जो अधिकारी नेमला तो कस्टोडियन. सुरुवातीचा हेतू राखणदारीचाच होता. माणसे दंगलीला भिऊन पळाली आहेत, उद्या परततील, तोवर घर-दुकान सांभाळावे असा. पण परतणे होईना, आणि पश्चिम पाकिस्तानातून लाखो हिंदू-शीख निर्वासित उघड्यावर येऊन पडले होते. त्यांना छप्पर कोठून द्यायचे? मग राखणदार हळूहळू मालक झाला. आधी वटहुकूम निघाले, मग १९५० साली निष्क्रांत मालमत्तेच्या प्रशासनाचा केंद्रीय कायदा झाला. १ मार्च १९४७ नंतर फाळणीमुळे किंवा दंगलीमुळे जो देशाबाहेर गेला तो ‘निष्क्रांत’, आणि त्याची मालमत्ता कस्टोडियनच्या ताब्यात. १९५४ साली आणखी एक कायदा झाला आणि ही मालमत्ता निर्वासितांच्या भरपाईसाठी सरकारने कायमची संपादन केली. परतीचा दरवाजा त्या दिवशी बंद झाला.

कायद्यातला एक शब्द तर वाचताना आम्ही दोनदा वाचला. ‘जाण्याच्या बेतात असलेला’. म्हणजे माणूस अजून येथेच आहे, आपल्या दुकानात बसला आहे, पण तो पाकिस्तानात जाण्याची तयारी करीत आहे असे अधिकाऱ्याचे मत झाले तर त्याच्या मालमत्तेच्या व्यवहारावर बंधने घालता येत. नातेवाइकाला पैसे पाठवले, घर विकायला काढले, तर संशय. ही तरतूद पुढे १९५३ साली रद्द झाली. पण मधल्या वर्षांत ज्याला अडचणीपोटी एखादी खोली विकायची होती त्याने काय केले असेल? विकली तर ‘बेतात’ ठरणार, न विकली तर उपाशी मरणार.

आता सामाईक मालमत्तेचे पाहा. चार भावांत एक घर, एक भाऊ गेला, तीन राहिले, तर घर कोणाचे? त्यासाठी १९५१ साली निष्क्रांताचा हिस्सा वेगळा काढण्याचा स्वतंत्र कायदा करावा लागला. यावरूनच कळते की असे प्रश्न किती निर्माण झाले असतील. राहिलेल्या भावांना अधिकाऱ्यापुढे उभे राहून आपलाच हिस्सा सिद्ध करावा लागे. सलीम मिर्झांना तीही सोय नव्हती. वडिलांनी हवेली थोरल्याच्या नावावर केली होती आणि थोरल्याने जाताना ती धाकट्याच्या नावावर केली नाही. बिचाऱ्या दादीला हे गणितच कळत नाही. आपण नवरी होऊन ज्या घरात आलो ते घर आपले नाही, हे तिला कोणत्या भाषेत समजावणार?

तेव्हा दुसऱ्या दिवशी आम्ही मुलाला सांगितले, की बेटा, कायद्याने माणसाला विचारलेच नाही. कायद्याने कागदाला विचारले, आणि कागदावर नाव गेलेल्याचे होते. मुलगा म्हणाला, “ये तो चीटिंग है सर.” आम्ही त्याला मग दुसरी बाजूही सांगितली. अगदी अशीच व्यवस्था पाकिस्ताननेही केली होती. शिकारपूर आणि हैदराबाद-सिंधमधल्या हिंदूंच्या हवेल्या तिकडच्या कस्टोडियनने घेतल्या आणि त्यांचे मालक आपल्या कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत येऊन पडले. त्या छावणीचे उल्हासनगर झाले. चित्रपटात मिर्झांची हवेली ज्याला मिळते तो अजमानी असाच एक सिंधी व्यापारी आहे, आणि तो वाईट माणूस नाही. उलट, बाजारात जेव्हा सगळे पाठ फिरवतात तेव्हा सलीम मिर्झांशी माणसासारखा वागणारा तोच. ज्याचे घर गेले त्याला दुसऱ्याचे घर गेल्याचे दुःख कळते. आम्हाला वाटते, हा चित्रपट खरा वाटतो तो येथे. यात खलनायक शोधू गेले तर सापडत नाही. कारकून आहेत, व्याजावर पैसे देणारे आहेत, घरमालक आहेत, शेजारी आहेत. प्रत्येक जण आपल्यापुरते शहाणपणाने वागतो.

आमच्या मते सलीम मिर्झांचे खरे नुकसान मात्र हवेलीचे नव्हे, पतीचे आहे. मराठीत ‘पत’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. बाजारात उधार मिळते ती पत आणि चारचौघांत मान मिळतो तीही पतच. आग्र्याचा जोड्यांचा धंदा उधारीवर चालणारा. कातडे उधार आणायचे, कारागिरांकडून माल करून घ्यायचा, माल विकला की देणे फेडायचे. शब्दावर चालणारा व्यवहार. फाळणीनंतर काही मुसलमान कर्ज बुडवून निघून गेले, ही गोष्ट खरी आहे आणि चित्रपट ती लपवत नाही. सलीम मिर्झांचा मेहुणा फखरुद्दीन, जो लीगमधून काँग्रेसमध्ये उडी मारतो, तोच पुढे देणेकऱ्यांना चुकवून पळतो. त्याचा परिणाम असा, की जो पळालेला नाही त्यालाही बँक कर्ज देईना. उद्या तुम्हीही गेलात तर? सलीम मिर्झा विचारतात, थोड्यांच्या गुन्ह्याची शिक्षा सर्वांना का? उत्तर मिळत नाही, कर्जही मिळत नाही. आयुष्यभर दिलेला शब्द पाळणाऱ्या म्हाताऱ्याला एका सकाळी कळते, की आपल्या शब्दाला आता किंमत नाही. पुढे भाड्याचे घर शोधताना नाव ऐकताच दारे बंद होतात. हा अनुभव १९४८ च्या आग्र्यापुरता राहिलेला नाही हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

मूळ कथेत, असे सांगतात, नायक जोडेवाला नव्हताच, तो स्टेशनमास्तर होता. इस्मत आपांनी आपल्याच नातलगांच्या आठवणींतून ती सांगितली होती. कैफी आझमींनी कानपूरला जोड्यांच्या कारखान्यांतील कामगारांत चळवळ केली होती, त्यामुळे त्यांनी सलीम मिर्झांना चामड्याच्या धंद्यात आणून बसवले. हा बदल आम्हाला फार मोलाचा वाटतो. स्टेशनमास्तर असता तर त्याने नुसत्या जाणाऱ्या गाड्या पाहिल्या असत्या. कारखानदार झाल्यामुळे घर, बाजार आणि सरकार तिन्ही कसे एकेका पावलाने मागे सरकतात ते दिसले. एक तक्रार मात्र आहे. आग्र्याचा जोडा घडवणारे हात मोठ्या प्रमाणात जाटव कारागिरांचे होते. मुसलमान कारखानदार गेले आणि त्यांच्या जागी पंजाबी-सिंधी निर्वासित व्यापारी आले, तेव्हा या कारागिरांचे काय झाले? त्याच जाटवांनी पुढे बाबासाहेबांच्या विचाराने आग्र्यात मोठे राजकारण उभे केले. १८ मार्च १९५६ रोजी बाबासाहेबांचे आग्र्यातले भाषण तर सर्वज्ञात आहे. ही माणसे चित्रपटात मध्यभागी येत नाहीत. कोणाचे युग संपते तेव्हा कोणाचे सुरूही होत असते, ते दाखवायला सथ्यूंना जागा होती असे आम्हाला वाटते.

चित्रपट बनवणाऱ्यांकडे पाहिले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. सलीम मिर्झा झालेले बलराज साहनी हे रावळपिंडीचे. म्हणजे ज्यांचे वतन पाकिस्तानात गेले त्या पंजाबी हिंदूने हिंदुस्थान न सोडणाऱ्या मुसलमानाची भूमिका केली. अजमानी झालेले ए. के. हंगल खरोखरच कराचीहून मुंबईला आलेले, शिवणकाम करून पोट भरलेले. दोघेही इप्टाचे. जमीला झालेल्या शौकत आझमी, सिकंदर झालेला नवखा फारूक शेख, हे सगळे मुंबईच्या त्याच मंडळीतले. बलराज साहनींना या भूमिकेसाठी अभिनय करावा लागला नसेल असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण १९७२ साली त्यांची तरुण मुलगी वारली होती, आणि अमीनाचे प्रेत पाहताना सलीम मिर्झा ज्या प्रकारे काहीच करत नाहीत, नुसते उभे राहतात, ते पाहवत नाही. आवाज भरण्याचे काम संपवून दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिल १९७३ रोजी, ते गेले. त्यांनी हा चित्रपट पडद्यावर पाहिला नाही.

दादीच्या भूमिकेसाठी मात्र कोणी नटी नव्हती. आग्र्यातच बदर बेगम नावाची वृद्ध बाई सापडली. सोळाव्या वर्षी ती सिनेमात काम करायला म्हणून मुंबईला पळाली होती, एका चित्रपटात गर्दीत उभी राहून परत गेली होती. मग सत्तरी ओलांडल्यावर, डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन, तिला तिची भूमिका मिळाली. आवाज दीना पाठक यांचा. हवेली सोडायच्या दिवशी ही दादी लपून बसते आणि तिला शोधून, उचलून न्यावे लागते. मरताना तिला हवेलीतच जायचे असते. अजमानी परवानगी देतो. पालखीतून तिला वर नेतात आणि तिच्या कानांत तिच्याच लग्नाचे आवाज येतात. मुलांपैकी कितीतरी जणांनी या प्रसंगी माना खाली घातल्या होत्या.

अमीनाच्या वाट्याला कायद्याचे दुसरे टोक येते. तिचा होणारा नवरा काझिम हा हलीम मिर्झांचा मुलगा. बापाबरोबर गेला आणि लग्नासाठी कागदपत्रांशिवाय परत आला. जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परमिट लागू झाले होते. १९५२ साली पासपोर्ट आले. ज्या घरात तो जन्मला त्या घरात तो आता परदेशी होता. लग्नाची तयारी चाललेली असताना पोलिस त्याला घेऊन जातात. पुढे नात्यातला शमशाद तिला आशा दाखवतो, तोही जातो आणि तिकडेच लग्न ठरवतो. त्यानंतर अमीना जगत नाही.

आमच्या महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, हिजरतीचे प्रमाण उत्तरेसारखे नव्हते. तरी कराची आपल्याला परकी कधीच नव्हती. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. नोकरीला मुंबई काय नि कराची काय, सारखेच. गोदीवर आणि जहाजांवर कामाला गेलेले अनेक जण १९४७ साली तिकडेच होते आणि तिकडचे झाले. आमच्या आजीची सख्खी बहीण अशीच कराचीला राहिली. वर्षातून दोन-तीन पत्रे येत. १९६५ च्या युद्धानंतर ती थांबली. आजी शेवटपर्यंत म्हणायची, ती रागावली आहे. युद्ध, टपाल, सरकार हे तिच्या हिशेबात नव्हतेच. बहीण बोलत नाही म्हणजे रागावली असणार. ‘गर्म हवा’मधली दादी पाहताना आम्हाला ती आठवली.

त्याच १९६५ च्या युद्धातून मालमत्तेचा आणखी एक कायदा निघाला. १९६८ चा शत्रू मालमत्ता कायदा. महमूदाबादचे राजा १९५७ साली पाकिस्तानचे नागरिक झाले. त्यांची पत्नी आणि मुलगा येथेच राहिले, भारतीय नागरिक म्हणून. वडील ‘शत्रू’ ठरले म्हणून मालमत्ता गेली. मुलगा अनेक वर्षे कोर्टात लढला आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयात जिंकला. गंमत अशी, की त्याच २००५ साली फाळणीच्या काळातले निष्क्रांत मालमत्तेचे कायदे कालबाह्य म्हणून रद्द करण्यात आले. प्रकरण मिटले असे वाटत असतानाच २०१७ साली शत्रू मालमत्ता कायदा दुरुस्त झाला, तोही मागील तारखेपासून, आणि वारस भारतीय नागरिक असला तरी त्याला हक्क नाही असे ठरले. राजा-महाराजांच्या मालमत्तेबद्दल आम्हाला फारसा कळवळा नाही. पण प्रश्न तोच आहे जो मागच्या बाकावरून विचारला गेला होता.

शेवटाबद्दल आमचे मत अजून पक्के नाही. हेरगिरीच्या आरोपातून सलीम मिर्झा सुटतात. भावाला हवेलीचा नकाशा पाठवला, एवढाच गुन्हा. कोर्टाने सोडले तरी गल्लीने सोडले नाही. मुलगी गेली, आई गेली, कारखाना गेला. हा एकेकाळचा मालक स्वतः जोडे शिवायला बसतो. अखेरीस ज्या शब्दाला तो इतके दिवस नाही म्हणत होता त्याला होय म्हणतो, आणि पत्नी व सिकंदरसह टांग्यात बसतो. वाटेत बेकारांचा मोर्चा लागतो. सिकंदर पदवी घेऊन नोकरीसाठी वणवण फिरलेला. त्याचे मित्र मोर्चात आहेत. बाप मुलाला जाऊ देतो, आणि मग स्वतःही उतरतो.

कैफी साहेब कम्युनिस्ट होते, तेव्हा हा शेवट अपेक्षित होता, असे कोणी म्हणेल. आम्हालाही पहिल्यांदा तो चिकटवलेला वाटला होता. इतक्या बारकाईने मोडलेला माणूस एका मोर्चाने जोडला जातो? दुसऱ्यांदा पाहिल्यावर वाटले, की सलीम मिर्झांकडे आता हरण्यासारखे काही राहिलेलेच नाही. हवेलीचा मालक असताना तो मोर्चात उतरला नसता. मोर्चा कारखान्यावर आला तर दार लावून घेतले असते. जोडे शिवणारा उतरू शकतो. फारूक शेखचा तो कोवळा चेहरा पाहताना मनात येते, हा मुलगा राहिला आणि नट म्हणून मोठा झाला. ते २०१३ च्या डिसेंबरात वारले. १४ नोव्हेंबर २०१४ रोजी चित्रपटाची दुरुस्त केलेली प्रत पुन्हा चित्रपटगृहांत लागली तेव्हा ते नव्हते.

पण उतरण्यापूर्वी सलीम मिर्झा जमीलाला किल्ली देतात आणि घरी परतायला सांगतात. मोर्चा पुढे जातो, कॅमेरा त्याच्याबरोबर जातो. सारे घर बांधून भरलेला टांगा मागे वळतो. वर्गात शेवटाची चर्चा चालली होती, मुले मोर्चाच्या बाजूने तावातावाने बोलत होती. मुलींच्या रांगेतून एकीने हात वर केला आणि विचारले, “सर, वो सब सामान फिर अकेली ने उतारा?”